साबिनाच्या दारातला पडदा

१

वाल्दासेकात सकाळ घड्याळानं होत नाही, पावाच्या गाडीच्या भोंग्यानं होते. गाडी खालच्या वळणावर आली की पाववाला भोंगा दाबतो तो चौकात येईपर्यंत सोडत नाही. मग दारं उघडतात, बायका घरातल्या झग्यातच बाहेर येतात, आणि पाव हातात पडेपर्यंत कोणाचं पोट बिघडलं आणि कोणाच्या मुलानं सारागोसा शहरातून फोन केला नाही हे सगळ्या गावाला कळलेलं असतं. त्या रांगेत मी बरीच वर्षं उभी राहिले. शेवटी उभी राहायचे, कारण पुढे उभं राहिलं की मागून कोणीतरी हमखास म्हणायचं, "परदेशी लोकांना घाई फार."

माझं नाव हानेके. मूळची हॉलंडची. गावाला ते नाव पेलेना, म्हणून त्यांनी माझी आना केली, आणि माझ्या पाठीमागे नुसतं इंग्लिशीण. मी इंग्लंडचं तोंडही पाहिलेलं नाही, हे सुरुवातीला मी ज्याला त्याला सांगत असे. गावातला एकुलता एक बार आणि चर्चची किल्ली दोन्ही ज्याच्या ताब्यात आहेत तो ब्लास एकदा म्हणाला, "अगं, इथून बघितलं तर सगळं तिकडेच आहे."

तिकडे मी पियानो सुरात लावायचं काम करत असे. नवऱ्याचं आणि माझं फाटलं, घर विकलं, वाट्याला आलं त्यात इथलं दगडी घर घेतलं. परत जावं असं तिकडे माझं काही उरलं नाही. त्यामुळे हे गाव मला आपलं म्हणतं की नाही, हा माझ्यासाठी गमतीचा विषय नव्हता. मला ते हवं होतं. भुकेल्या माणसाला पोळी हवी असते तसं हवं होतं.

आणि आड येत होता एक उच्चार, 'थ'सारखा. जीभ दातांत अलगद धरून वारा सोडायचा, एवढंच. इथल्या दर दुसऱ्या शब्दात तो आहे. मी तिथे सरळ 'स' म्हणायचे. दुसऱ्यांचे पियानो केसाइतके उतरलेले मला ऐकू यायचे, पण माझी जीभ काही माझं ऐकेना. गल्लीच्या खालच्या टोकाला राहणाऱ्या बेनितामावशी, ज्यांचे डोळे जवळजवळ गेलेले आहेत आणि ज्या माणसं आवाजावरून ओळखतात, त्या मात्र कधी टोमणा मारायच्या नाहीत. हात चाचपून धरायच्या आणि म्हणायच्या, "येईल गं, येईल हळूहळू."

२

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी वरच्या अंगाची शेजारीण फेर्मिना एप्रनच्या ओच्यात अंडी घेऊन आली. फेर्मिना फुकट काही देत नाही, म्हणून मी आधी अंड्यांकडे आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आना, तुला फेऱ्यात यायचंय का?"

मला क्षणभर खरं वाटेना. फेरा म्हणजे मारियामातेचा. हाताच्या कवेत मावेल एवढा लाकडी देव्हारा, पुढे दोन दारं, आत काचेमागे निळ्या झग्यातली माता. तो गावात घरोघर फिरतो. एक रात्र एका घरी, दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या घरी. ज्याच्या घरी माता उतरते तो गावाचा. एवढी वर्षं देव्हारा माझ्या दारावरून जाताना मी बघत आले होते.

"मी तर चर्चलाही जात नाही," मी म्हणाले.

"ब्लासकडे किल्ली असून तो तरी कुठे जातो? ते सोड. नियम ऐक. माता एका घरात दोन रात्री राहत नाही. मेणबत्ती लावायची. दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपून गल्ली झोपली की पुढच्या घरी न्यायची. दार वाजवायचं नाही. उंबऱ्याशी उभं राहून म्हणायचं, आवे मारिया पुरिसिमा. आतून उत्तर येतं, सिन पेकादो कॉन्थेबिदा. उत्तर आलं की देव्हारा खाली ठेवायचा आणि निघायचं. उत्तर आल्याशिवाय ठेवायचा नाही. आणि घर वगळायचं नाही."

"म्हणजे निर्मळ मारिये, तुझा जयजयकार, आणि उत्तरात, पापाचा स्पर्श नसलेली?"

"अर्थ पाद्रीला विचार, सगळ्या डोंगराला मिळून एकच आहे, सापडला तर. तू फक्त म्हण." मग ती अंडी एकेक करून माझ्या टोपलीत ठेवू लागली. "तुझ्याकडे मी आणून देईन. तू पुढे साबिनाकडे दे, तुझ्या खालच्या अंगाच्या घरी."

"साबिनाला मी कधी पाहिलेलं नाही."

"पाहायचं काय त्यात," फेर्मिना म्हणाली. "दारात पडदा आहे, त्याच्या अलीकडे उभं राहायचं."

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. लाज वाटेल इतका आनंद झाला होता.

३

उन्हाळ्यात इथे घरांची दारं उघडी असतात आणि दारात जाड कापडाचा पडदा सोडलेला असतो, ऊन आणि माश्या अडवायला. माझ्या दाराला पडदा नव्हता. हॉलंडात खिडक्यांनाही कोणी पडदे सरकवत नाही, तिथे दाराला कोण लावणार! गाव त्यावरून मला चिडवायचं. ब्लास म्हणायचा, "इंग्लिशीणबाईंच्या घरी माश्यांनासुद्धा निमंत्रण आहे."

साबिनाच्या दाराचा पडदा तपकिरी पट्ट्यांचा होता, खालच्या कोपऱ्याला हिरवं ठिगळ. मी देव्हारा कवेत धरून उभी राहिले. दुपारची वेळ, सगळ्या गल्लीतल्या खिडक्यांच्या झडपा लोटलेल्या, दगड तापलेले. गावात या वेळी कुत्रंही फिरत नाही.

"आवे मारिया पुरिसिमा," मी म्हणाले.

आत काही हललं नाही. मग पडद्याच्या अगदी मागून, हातभर अंतरावरून, उत्तर आलं. बाईचा आवाज होता. खरखरीत, न वापरल्यासारखा. आणि 'कॉन्थेबिदा'तल्या 'थ'च्या जागी बाईनं 'स' म्हटला. सरळ, जाडा, माझ्यासारखा.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! गावात आणखी एक परदेशी बाई, तीही माझ्या भिंतीला भिंत लावून, आणि एकानंही मला सांगितलं नाही. मी देव्हारा उंबऱ्यावर ठेवला, पडद्याकडे वाकले आणि बेनितामावशींच्याच सुरात हळूच म्हणाले, "जीभ दातांत धरून बघा. येईल, येईल हळूहळू."

 मी वळल्यावर पडद्यामागे एक आवाज झाला, अगदी बारीक. जिभेनं दात चाचपावेत तसा.

४

देव्हारा गावभर फिरून परत यायला महिना जातो. पुढच्या खेपेला पडद्यामागचा उच्चार थोडा सुधारला होता. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. मला कौतुक वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडी पोटदुखीही झाली. मी इतकी वर्षं घासतेय आणि ही बया महिन्याला एक वाक्य बोलून पुढे चालली!

एकच गोष्ट खटकत होती. माझ्या आणि साबिनाच्या घरांमध्ये एकच भिंत. पियानोवाल्याच्या कानाला भिंत म्हणजे काय! फेर्मिनाच्या बाजूनं तिच्या नवऱ्याचा खोकला, कढईतला लसूण, रेडिओवरचा फुटबॉल, सगळं माझ्याकडे येतं. साबिनाच्या बाजूनं कधी भांडं वाजलं नाही. पाण्याचा नळ नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही.

शरद लागला होता, बारमध्ये शेकोटी पेटली होती. ब्लास पेले पुसत होता, फेर्मिनाचा नवरा आन्सेल्मो आणि आणखी दोघं पत्ते कुटत होते. मी सहज विचारलं, "साबिनाकडे कोण आहे राहायला? परदेशी दिसते."

पत्ते टाकणारा हात थांबला. कोणी वर पाहिलं नाही.

"साबिनाकडे कोणी नाही," ब्लास म्हणाला.

"अरे, मी दर महिन्याला मातेला देते तिच्याकडे. उत्तर देते ना ती."

"देते ना? मग झालं तर."

"पण तू आत्ता म्हणालास कोणी नाही."

"साबिना गेली त्याला जमाना झाला, बाई. घर बंद आहे."

"कुठे गेली? वारली?"

"घंटा तर वाजली नाही तिच्यासाठी," आन्सेल्मो पत्त्यांकडे बघत म्हणाला. "एका हिवाळ्यात दार नुसतं लोटलेलं होतं, एवढंच."

"मग उत्तर कोण देतं?"

ब्लास हसला. त्याच्या हसण्यात मला कधी खोट दिसली नव्हती, त्या दिवशी दिसली. "कोणी कार्टं असेल लपलेलं. इंग्लिशीणबाईंची फिरकी घेत असेल. ए आन्सेल्मो, टाक की पान!"

गावात शाळेच्या वयाचं एकही पोर नाही. हे ब्लासला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

५

त्या दिवसापासून मला संशयानं पछाडलं. प्रत्येकाचा चेहरा वाचायला लागले. कोण हे करतंय, आणि कशासाठी? मला हाकलायला? माझ्या घरावर कोणाचा डोळा आहे? बेनितामावशी असतील, साबिनानंतर देव्हारा त्यांच्याकडेच जातो. पण त्यांचा आवाज मी हजारात ओळखला असता, आणि पडद्यामागचा तो नव्हता. तरी मी त्यांना विचारलं.

"मावशी, तुमच्याकडे देव्हारा कोण आणतं?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी उंबऱ्यावर असतो. मी बाहेर काठी फिरवते, ती लागते."

"हाक कोण देतं?"

"कोणी नाही." मावशींनी माझा हात चाचपून धरला, पण नेहमीसारखा थोपटला नाही. "आना, तू कशाला या भानगडीत पडतेस? दे आणि ये."

मग मी स्वतःलाच समजावलं, की प्रतिध्वनी असेल. दाराच्या आतली दगडी ओसरी, कमानीचं छत, आवाज फिरून येत असेल. पण प्रतिध्वनी आपलेच शब्द परत करतो. आपल्या 'आवे मारिया'ला उत्तर देत नाही. हे कळायला पियानो लावणारी कशाला हवी?

शेवटी एका लख्ख दुपारी, देव्हारा माझ्याकडे नसताना, मी तो पडदा बाजूला केला. दाराला किल्ली बाहेरूनच लावलेली होती, जशी इथे सगळ्यांच्या दाराला असते. थंडी पडली तरी तो पडदा तिथून कोणी काढला नव्हता, आणि हाताला तो नुकताच धुतल्यासारखा लागला. साबणाचा वास येत होता. माझ्या साबणाचा. पण गावात एकच दुकान, सगळे तोच वापरतात, असं मी स्वतःला बजावलं.

मी किल्ली फिरवून दार ढकललं. आत नदीतल्या गोट्यांची फरशी, कोपऱ्यात पाण्याचा रांजण, कोरडा. सगळ्यावर धुळीचा थर. दाराकडे तोंड करून एक वेताची खुर्ची ठेवलेली होती, पडद्यापासून हातभर. तिच्यावर धूळ नव्हती. उंबऱ्याच्या आत मेणाचे थेंब पडले होते, जुन्यावर नवे.

मी टाळी वाजवली. ही माझी कामातली सवय. नव्या घरात पियानो बघायला गेले की आधी टाळी वाजवून खोली ऐकायची. रिकामी खोली टाळीला झणझणीत उत्तर देते. माणसांनी भरलेली खोली टाळी गिळते. साबिनाची ती उघडी बोडकी ओसरी माझी टाळी पार गिळून बसली.

मी पळाले नाही. पण घरी आल्यावर दाराला आतून खुर्ची लावली, आणि मग तिच्याकडे बघत बसले, कारण तीही वेताचीच होती.

६

फेर्मिना स्वयंपाकघरात भाजलेल्या लाल मिरच्या सोलत होती. हात कोपरापर्यंत लाल. मी न बसता विचारलं, "खरं सांग. मला फेऱ्यात का घेतलंत?"

"आता गं! तूच तर रडत होतीस, मला कोणी आपलं म्हणत नाही म्हणून."

"फेर्मिना."

तिनं हात धुतले. फडक्याला पुसले. पुन्हा धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता कशी बोलते ती?"

"कोण?"

"मला काय विचारतेस कोण! बोलते कशी? तुझ्यासारखी?"

आवाजाची उंची. शब्दाच्या आधीचा छोटा श्वास. शेवटी सूर किंचित खाली बसणं. दुसऱ्याच्या आवाजात हे सगळं मला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं असतं. स्वतःचा आवाज कोणाला बाहेरून ऐकू येतो? तिनं विचारेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "माझ्यासारखी. फक्त आता तिला ते येतं. जीभ दातांत धरून."

फेर्मिनानं वळून पाहिलं. "येतं? तुझे उच्चार सोडून आमचे येतात? कोणी शिकवलं?"

जीभ दातांत धरायला तिला मीच सांगितलं होतं.

"तुझ्या घरात आधी राहायची ती म्हातारी मेली तेव्हा तिच्या मुलांनी घराचा फेरा सोडला," ती म्हणाली. "तसं घरानं स्वतः सांगावं लागतं. साबिनानं सांगितलं नाही, म्हणून तिचं घर फेऱ्यातच राहिलं. मग माझ्याकडून सरळ तिकडे. मी द्यायचे. आधी नुसती घरघर यायची आतून. मग शब्द. मग एकदा उत्तर आलं आणि मला वाटलं मीच बोलले. घरी आले तर आन्सेल्मो जेवणाच्या टेबलाशी. मला म्हणतो, 'बाहेर कधी गेलीस? आत्ता तर तू माजघरात गेलीस.'" तिनं फडकं मुठीत पिळलं. "त्याच आठवड्यात मी अंडी घेऊन तुझ्याकडे आले."

"माझ्या अंगावर टाकायला."

"आम्हाला वाटलं तुझं बोलणं तिला कधी जमायचंच नाही! देवाशपथ, सगळ्यांना तसंच वाटलं. ब्लासला, सगळ्यांना. ही बोलते ते आपल्यालाच धड कळत नाही, त्या भिंतीला काय कळणार? आणि मला घर आहे, आना. नवरा आहे, मुलं येतात, नातवंडं येतात. तुला कोण..."

तिथे ती थांबली. पण वाक्य कुठे चाललं होतं ते दोघींनाही समजलं. माझ्या आयुष्यात मला इतकं कोणी दुखावलं नव्हतं, नवऱ्यानंसुद्धा नाही. मी म्हणाले, "या खेपेला मी तिला देणार नाही."

"वेडी आहेस का? घर वगळायचं नसतं!"

"तू सांगितलेले नियम आता तू पाळ," मी म्हणाले आणि मिरच्यांचा वास घेऊन बाहेर पडले.

७

देव्हारा माझ्याकडे आला. फेर्मिनानं तो ठेवला, उत्तर ऐकलं आणि माझ्याकडे न बघता गेली. दुसऱ्या दिवशी, जेवणं आटोपून गल्ली झोपल्यावर, मी तो छातीशी धरून निघाले. ऊन हिवाळ्याचं, पांढरं, ऊब नसलेलं. सगळ्यांची दारं थंडीनं बंद. साबिनाच्या दारात तेवढा पडदा, खाली हिरवं ठिगळ. मी पाऊल न थांबवता पुढे गेले.

पडद्यामागून हाक आली, "आवे मारिया पुरिसिमा."

ते वाक्य बाहेरच्याचं असतं. आतल्यानं उत्तर द्यायचं असतं. हे उलटं होतं. मी दात घट्ट मिटले आणि चालत राहिले. मागून पुन्हा आलं, तेच, घाई न करता, छान गोड आवाजात.

बेनितामावशींचं दार मी चक्क बडवलं.

"कोण गं?"

"मी, आना. देव्हारा आणलाय."

मावशींनी लाकूड चाचपलं, मातेची काच चाचपली. मग माझ्या तोंडाच्या दिशेनं मान कलती केली. "आना? तुझा आवाज असा का येतोय? सकाळी पावाच्या गाडीशी किती सुंदर बोलत होतीस. मी म्हटलंसुद्धा, आली बाई जीभ हिची एकदाची."

"मावशी, सकाळी मी बाहेर पडलेच नाही."

मावशी देव्हारा उराशी धरून एक पाऊल आत सरकल्या.

मी परत फिरले. साबिनाच्या दारावरून जाताना बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण नजर गेलीच. पडदा नव्हता. दार सताड उघडं, आत थंड गोट्यांची फरशी, आणि खुर्ची जागेवर नव्हती.

माझ्या दाराशी आले. माझ्या दारात, जिथे मी कधी काही लावलं नव्हतं, तपकिरी पट्ट्यांचा पडदा लोंबत होता. खाली हिरवं ठिगळ.

पळून जावं असं कोणालाही वाटेल. पण मला राग आला. ते माझं घर होतं! आत माझी शेगडी पेटलेली होती, शेगडीवर माझे चणे शिजत होते, त्यांचा वास बाहेर येत होता. मी पडद्याला हात घातला. पलीकडून दुसऱ्या हातानं तो धरला. ओढला नाही, हिसकावला नाही. आपल्या घरचा पडदा वाऱ्यानं उडू नये म्हणून धरावा तसा धरला. कापडाच्या कडेला त्याचा अंगठा दिसला. पियानोची तार तुटून माझ्या अंगठ्यावर बसलेला वण मला पाठ आहे. तो वण तिथे होता.

तोंडातून दुसरं काही निघेना. इतक्या महिन्यांच्या सवयीनं निघालं तेच. "आवे मारिया पुरिसिमा."

"सिन पेकादो कॉन्थेबिदा," माझा आवाज आतून म्हणाला. जीभ दातांत अलगद धरून, वारा सोडून. या गावात जन्मलेल्या बाईसारखा. मग तो अदबीनं म्हणाला, "कोण पाहिजे आपल्याला?"

"हे माझं घर आहे!" मी ओरडले. ओरडताना मला माझाच आवाज ऐकू आला. खरखरीत, घशातला, न वापरल्यासारखा.

वर फेर्मिनाची झडप बोटभर उघडली. तिचे डोळे दिसले. एकदा माझ्याकडे, एकदा पडद्याकडे. मग झडप मिटली आणि आतून कडी लागली.

खालून काठी टेकत बेनितामावशी रस्त्यात आल्या होत्या. मान कलती करून त्यांनी दोन्ही आवाज ऐकले, आणि माझ्यावरून, माझ्या डोक्यावरून हाक मारली, "आना! ए आना! तुझ्या दारात कोणी परदेशी बाई आलीय गं. काय म्हणते ते काही कळत नाही."

"ऐकलं, मावशी," पडद्यामागून उत्तर आलं. "तुम्ही आत जा, थंडी बाधेल."

८

हिवाळ्याच्या दुपारी गल्लीत फार वेळ उभं राहता येत नाही. सगळी दारं मी वाजवली. ब्लासचं, चर्चचं, बेनितामावशींचं. गल्लीत एकच दार उघडं होतं, साबिनाचं.

आत वेताची खुर्ची जागेवर आली होती.

भोंगा मला रोज ऐकू येतो. बायका जमतात. आना आता रांगेत शेवटी नसते, फेर्मिनाच्याही पुढे असते, आणि ब्लास काही बोलला तर असं उत्तर फेकते की सगळी रांग हसते. तिला आता कोणी इंग्लिशीण म्हणत नाही. भिंतीपलीकडे तिचं भांडं वाजतं, नळ वाहतो, लसूण तळला जातो. मी इथे खुर्ची सरकवून पाहिली, ओरडूनही पाहिलं. ही खोली सगळं गिळते.

दाराला पडदा परत आलाय. कोणी लावला मला माहीत नाही.

आज जेवणं आटोपल्यावर गल्ली झोपली आणि शेजारचं दार उघडलं. पावलं ओळखीची होती, माझीच. ती पडद्याच्या अलीकडे थांबली. मेणाचा वास आला. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. पण उत्तर आल्याशिवाय देव्हारा खाली ठेवायचा नसतो, आणि इतक्या दिवसांत माझ्याशी दुसरं कोणीच बोललं नव्हतं.

"आवे मारिया पुरिसिमा."

मी जीभ दातांत धरली. जमेल तेवढं म्हटलं. 'स' आलाच.

बाहेर ती वाकली असावी, कारण तिचा आवाज कापडाच्या अगदी जवळून, मायेनं आला.

"येईल गं," ती म्हणाली. "येईल हळूहळू."